शनवार तेली, ज्यू की कोकणी? बेने इस्राएलांच्या डीएनएची केस

डीएनएवरून बाप कोण ते कळतं, खुनी कोण ते कळतं, हे आता टीव्हीवर क्राइम सिरियल बघणाऱ्यांनाही पाठ झालंय. पण एक अख्खा समाज म्हणतो की आमचे पूर्वज दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रातून आले, आणि त्याला ना ताम्रपट, ना शिलालेख, ना कुठल्या बखरीत उल्लेख, मग तिथे डीएनए किती कामाला येतो? याची एक फार भारी केस आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे आणि मराठीत तिच्यावर जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुतेक "विज्ञानाने सिद्ध केलं!" एवढ्यावरच संपतं. सिद्ध नक्की काय झालं हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

केस आहे बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची. नवगावकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, ही आडनावं वाचली की वाटतं कोकणातलं कुणीतरी असणार, आणि ते आहेतच. पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे, लग्नात मेंदी आणि मंगळसूत्र असणारे, नवसाला एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताच्या नावाने मालिदा करणारे. गावात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे (सोमवारी बंद ठेवणारे ते सोमवार तेली, म्हणजे गावाच्या दृष्टीने हिशेब सोपा होता). मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खवल्यांचाच मासा खायचा, आणि शेमा ही एक हिब्रू प्रार्थना तोंडपाठ. बाकी हिब्रू गेलेली, धर्मग्रंथ गेलेले.

त्यांची स्वतःची कथा अशी की पॅलेस्टाइनात छळ सुरू झाला म्हणून इ.स.पू. 175 च्या सुमारास काही ज्यू जहाजाने निघाले, अलिबागजवळच्या नवगावपाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि जी प्रेतं किनाऱ्याला लागली ती नवगावला पुरली. तिथे आजही स्मारक आहे. आता हे वाचताना कोकणातल्या माणसाच्या मनात लगेच येणार की समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेतं आणि परशुरामाने त्यांना जिवंत केलं ही चित्पावनांची गोष्ट पण अशीच आहे की! हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेलं नाही. कुणी कुणाकडून घेतली की दोघांनी किनाऱ्यावरच्या एकाच जुन्या गोष्टीतून घेतली, ते बाजूला ठेवू, पण सात अधिक सात हा आकडा खानेसुमारीचा म्हणून घ्यायचा नाही एवढं नक्की.

लेखी पुरावा म्हणावा तर तो 18व्या शतकापासून पुढचा. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली पहिलं सिनॅगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ बांधलं तिथपासून सगळं व्यवस्थित सापडतं. त्याच्या आधीचं म्हणजे डेव्हिड राहबी नावाच्या बाहेरून आलेल्या ज्यू माणसाची आठवण, की त्याने इथल्या बायकांपुढे वेगवेगळे मासे ठेवले, त्यांनी खवले-पर असलेले तेवढेच बाजूला काढले आणि हे ज्यूच असं त्याने ओळखलं. हा राहबी कधीचा यावरही एकमत नाही, कुणी त्याला हजार वर्षं मागे नेतं, कुणी 18व्या शतकात आणून बसवतं. शिवाय मायमोनिडिस हा मोठा ज्यू पंडित 1200 सालाच्या आसपास एका पत्रात लिहितो की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ (शनिवारी काम बंद) आणि आठव्या दिवसाची सुंता याखेरीज धर्मातलं काही माहीत नाही. वर्णन शनवार तेल्यांना अगदी फिट्ट बसतं, पण गावाचं नाव नाही. त्यामुळे ते लोक हेच, असं छातीठोकपणे कुणाला म्हणता येत नाही.

अशा ठिकाणी मग डीएनएवाले येतात.

पहिली फेरी वाय क्रोमोसोमची. हा बापाकडून फक्त मुलाला जातो, त्यामुळे बापाच्या बापाच्या बापाची रेघ सरळ मागे काढता येते. लंडनचे अभ्यासक ट्यूडर पार्फिट यांनी आधी आफ्रिकेतल्या लेंबा लोकांवर असं काम केलेलं, मग ते इकडे वळले आणि 2002 साली पेपरांत बातम्या झळकल्या की बेने इस्राएल पुरुषांमध्ये ज्यू पुरोहित घराण्यांत म्हणजे कोहेन लोकांत सापडणारी खूण मिळाली. इकडे आनंदीआनंद, आणि तो साहजिक होता, कारण पुढे सांगतो तसं या लोकांना "तुम्ही खरे ज्यू का" हे फार ऐकावं लागलेलं होतं. पण ती खूण ज्यू नसलेल्या लोकांतही मिळते हे नंतर स्पष्ट होत गेलं. बरं, वाय क्रोमोसोम सांगतो तो एकाच पूर्वजाबद्दल. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या वंशवृक्षात 1024 जागा असतात, त्यातली एक जागा या टेस्टने दिसते, उरलेल्या 1023 बद्दल ती गप्प.

आईकडची रेघ मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या बारीक भागाच्या डीएनएवरून निघते, तो आईकडून मुलामुलींना जातो आणि पुढे फक्त मुलींमार्फत. 2008 साली डोरॉन बेहार आणि मंडळींनी जगभरच्या ज्यूंच्या आईकडच्या रेघा तपासल्या. बेने इस्राएलांच्या बाबतीत निघालं की त्या बहुतांशी इथल्याच, भारतीय, आणि त्यातही मोठा हिस्सा मोजक्याच बायकांपर्यंत जाऊन मिळणारा. पुढे 2010 साली बेहार यांच्याच टीमने नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये अख्ख्या जीनोमवरचं, म्हणजे सगळ्या डीएनएवरचं, काम छापलं, त्यात भारतीय ज्यू शेजारच्या भारतीय समाजांच्या गटातच जाऊन बसले. म्हणजे 2002 ला "हे तर कोहेन", आणि 2010 ला "हे तर कोकणी". दोन्ही वेळेला हेडलाइन छापणाऱ्यांना घाई होती असं माझं मत आहे.

खरं काम 2016 चं. कॉर्नेल आणि तेल अवीवच्या संशोधकांनी, येदाएल वाल्डमन आणि अलोन केनान ही त्यातली मुख्य नावं, 18 बेने इस्राएल व्यक्तींचा जीनोमभरचा डेटा घेतला आणि तो 41 इतर ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समाजांतल्या 486 लोकांशी ताडून पाहिला. 18 हा आकडा लहान वाटेल, आणि वाय क्रोमोसोमच्या टेस्टला तो लहानच पडला असता, पण इथे एका माणसाच्या डीएनएवरच्या लाखो जागा वाचल्या जातात आणि प्रत्येक जागा वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेली असते, त्यामुळे सरासरी काढायला 18 पुरतात. अख्ख्या समाजात कुठला आजार किती जणांना, असलं काही विचारायचं असेल तर मात्र नाही पुरत.

निघालं काय तर वरवर बघता हे लोक भारतीय समाजांसारखे दिसतात, पण त्यांच्यात मिसळून जात नाहीत, वेगळे उठून दिसतात, आणि तपासलेल्या भारतीय-पाकिस्तानी समाजांत हे एकटेच असे की ज्यांच्या डीएनएचे मोठे तुकडे इतर ज्यूंशी जुळतात, तेही मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी. दोन्हीकडचा वाटा भरीव, एखादा चमचा नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज यांच्यासोबतच्या टीमनेही भारतीय ज्यूंवर पेपर काढला, त्यांनी स्थानिक वाटा मोठा आणि मध्यपूर्वेचा कमी असं मांडलं. पण मिश्रण आहे यावर दोघंही एकच बोलतात.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. मिसळ कुणाकडून कुणात झाली, म्हणजे बाहेरून पुरुष आले की बायका की दोघंही, हे कसं काढायचं? एक जोडपं घ्या. त्यांच्याकडे मिळून तीन एक्स क्रोमोसोम असतात, बाईकडे दोन, पुरुषाकडे एक. समजा सगळे पुरुष बाहेरून आलेले ज्यू आणि सगळ्या बायका कोकणातल्या. मग एक्स-वाय सोडून बाकीच्या क्रोमोसोमांवर वाटा निम्मा-निम्मा होणार, पण एक्सवर ज्यू वाटा तीनात एकच येणार, कारण मुलग्याला एक्स फक्त आईकडून मिळतो, बापाचा एक्स जातो तो मुलीला. आणि ही तफावत पुढच्या पिढ्यांतही पुसली जात नाही. म्हणजे कुणालाही काही न विचारता, नुसती एक्सवरची ज्यू टक्केवारी बाकीच्या क्रोमोसोमांवरच्या टक्केवारीच्या शेजारी ठेवायची. बेने इस्राएलांमध्ये एक्सवर ज्यू वाटा कमी निघाला. प्रत्यक्षात माझ्या उदाहरणाइतकं साफ काही नसतं, पण दिशा तीच: ज्यू बाजूने पुरुष जास्त, स्थानिक बाजूने बायका जास्त. आणि 2008 च्या मायटोकॉन्ड्रियाच्या कामाशी हे बरोब्बर जुळतं, पद्धत पूर्ण वेगळी असून.

मग त्या कथेतल्या सात बायकांचं काय? त्या नव्हत्याच असं म्हणता येत नाही बरं का. लहान समाजात आईची रेघ सहज तुटते, एखाद्या बाईला नुसते मुलगेच झाले की तिचा मायटोकॉन्ड्रिया संपला, बाकी डीएनए पुढे चालू. पण समाज सातच्या सात परदेशी जोडप्यांपासून, बाहेरचं कुणी न घेता वाढला, ही जी कथेची सरळ बाजू आहे ती टिकत नाही.

तारखेचं गणित पण मस्त आहे. दोन वेगळ्या वंशांच्या माणसांचं मूल झालं की त्याच्या डीएनएत अर्धा कॅट लाल पाठीच्या पत्त्यांचा आणि अर्धा निळ्या पाठीच्या पत्त्यांचा, दोन्ही सलग. पुढच्या प्रत्येक पिढीत हा कॅट एकदा पिसला जातो आणि सलग तुकडे आखूड होत जातात. आज तुकडे किती लांबीचे उरलेत ते मोजलं की किती वेळा पिसलं ते निघतं. बेने इस्राएलांचं उत्तर आलं 19 ते 33 पिढ्या. एका पिढीला 25 ते 30 वर्षं धरली तर साधारण 500 ते 1000 वर्षं, म्हणजे सहस्रकाच्या आतलंच. इ.स.पू. 175 कुठे आणि हे कुठे!

पण इथेच बहुतेक लोक गडबड करतात. ही तारीख लोक येण्याची नाही, मिसळण्याची आहे. कुणी येऊन हजार वर्षं आपापसातच लग्नं करत राहिलं आणि मग मिसळलं तरी घड्याळ मिसळल्यापासूनच सुरू होणार. शिवाय मिसळ दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या शतकांत झाली असेल तर या पद्धतीचं उत्तर अलीकडच्या बाजूला ओढलं जातं. त्यामुळे 175 चा दावा डीएनएने खोडला असं नाही, पण त्याला आधारही दिला नाही. मला स्वतःला अलीकडची तारीख जास्त पटते, आणि कारण डीएनएच्या बाहेरचं आहे. त्या काळात चौल हे जोरात चाललेलं बंदर होतं, अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणायचे, दहाव्या शतकात अल-मसूदी तिथे येऊन गेला. आणि कैरोच्या जुन्या सिनॅगॉगमधल्या कागदांतून 11व्या-12व्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्यांचा भारताशी चाललेला व्यवहार पत्रांसकट हाती लागलाय. त्यातला अब्राहम बेन यिजू, मूळचा ट्युनिशियाचा, मंगळूरला जाऊन राहिला, 1132 मध्ये त्याने अशू नावाच्या स्थानिक दासीला मुक्त केलं आणि तिच्याबरोबर संसार केला. हा काही बेने इस्राएलांचा पूर्वज नव्हे. पण बाहेरून आलेला ज्यू पुरुष, इथली बाई, बाराव्या शतकातला पश्चिम किनारा, हे जे डीएनए सांगतोय ते होत होतं याला तो कागदोपत्री साक्षीदार आहे. आता चौल ते पेण पट्ट्यात असे किती बेन यिजू होऊन गेले कोण जाणे.

नवगावची जुनी थडगी उघडून हाडांचा डीएनए काढला तर सोक्षमोक्ष लागेल असं कुणीतरी दर वेळी सुचवतंच. एक तर ज्यू धर्मात मेलेल्याची हाडं हलवणं अगदी निषिद्ध, आणि दुसरं म्हणजे कोकणातला पाऊस आणि उकाडा, त्यात जुना डीएनए टिकायची आशा फारच कमी. युरोपातल्या थंड गुहेतल्या हाडांचे किस्से वाचून आपल्याकडे तसं होईल असं धरू नये.

आता जरा अवघड जागेवर येतो. बेने इस्राएलांत स्वतःमध्येच दोन थर होते, गोरे आणि काळे. काळे म्हणजे ज्यांच्या घरात कधीतरी बाहेरची बाई आली असं मानलं जायचं ते. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत, भांड्याला भांडं लावू देत नसत. कातडीच्या रंगाशी याचा संबंध असेलच असं नाही, गावाकडच्या जातीच्या चौकटीत बसायला एवढी उतरंड लागतेच बहुतेक. आणि डीएनए काय म्हणतो, तर ज्यांना तपासलं त्या सगळ्यांत दोन्हीकडचं रक्त, आणि आईकडच्या रेघा बहुतेक इथल्याच. बाहेरची बाई फक्त काळ्यांच्याच घरात आली हे मानायला काही जागाच उरत नाही.

आणि अशीच वागणूक मग या लोकांना तिकडे मिळाली. 1948 ला इस्राएल झालं, तेव्हा इथे सुमारे 20 हजार बेने इस्राएल होते, बहुतेक पुढच्या दोन-तीन दशकांत गेले, आज दिमोना, अश्दोद, रामले, लोद असल्या गावांत मराठी बोलणारे भेटतात आणि मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघत आलंय. पण तिथे गेल्यावर लग्नाचा प्रश्न आला. तिथे ज्यूंचं लग्न धर्मपीठाच्या हातात. आणि धर्माप्रमाणे ज्यू कोण, तर ज्याची आई ज्यू तो. 1962 साली मुख्य धर्मपीठाने फतवा काढला की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी आईकडची पिढ्यान् पिढ्यांची चौकशी करा, मिश्र विवाह वगैरे झालाय का बघा. ज्या समाजाकडे 18व्या शतकाआधीचा कागदच नाही त्याने पणजीच्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? लोक पेटले. धरणं, मोर्चे, उपोषणं, आणि 1964 च्या उन्हाळ्यात प्रकरण इतकं तापलं की संसदेला खास बैठक घ्यावी लागली, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत असं म्हटलं, आणि धर्मपीठाला फतव्यातलं त्यांचं नाव काढावं लागलं.

मजा अशी, की ही लढाई डीएनएच्या आधीची आहे, आणि बरं झालं आधीची आहे! कल्पना करा, 1962 ला आजच्या टेस्ट हातात असत्या आणि धर्मपीठाने आईची रेघ मागितली असती, तर मायटोकॉन्ड्रियाचा रिपोर्ट काय आला असता हे वर लिहिलंच आहे. ज्या टेस्टने "तुमचे पूर्वज ज्यू होते" हे दाखवलं, तिनेच धर्माच्या व्याख्येत त्यांना नापास करायला मदत केली असती. हे काही नुसतं कल्पनेतलं भय नाही. गेल्या काही वर्षांत पूर्वीच्या सोव्हिएत देशांतून आलेल्या लोकांना तिथल्या धर्मन्यायालयांनी डीएनए टेस्ट करून घ्यायला सांगितल्यावर मोठा वाद झाला होता. म्हणून "डीएनएने सिद्ध केलं" म्हणत जे लोक बेने इस्राएलांची बाजू घेतात त्यांना मी सांगेन की हे हत्यार उलटंही चालतं, आणि त्यांना न्याय मिळाला तो रस्त्यावर बसल्यामुळे, लॅबमुळे नाही.

मग या सगळ्याचा आज कुणाला उपयोग काय? वंशाच्या अभिमानापेक्षा मला आरोग्याची बाजू जास्त कामाची वाटते, आणि ती बातम्यांत येतच नाही. त्या 2016 च्या कामात हेही दिसलं की मिसळ झाल्यानंतर हा समाज अगदी थोड्या माणसांवर आला आणि मग शेकडो वर्षं आपापसातच लग्नं होत राहिली. अशा समाजात एखाद्या पूर्वजाकडचा बिघडलेला जीन खूप जणांत गुपचूप पसरतो, आणि दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक मुलाला आजाराची चारात एक शक्यता. हे फक्त त्यांचंच नाही. आपल्याकडे जातीतच लग्न करणाऱ्या कितीतरी समाजांचं असंच आहे. आंध्रकडच्या वैश्य समाजात एका एन्झाइमची कमतरता जास्त दिसते, त्या पेशंटना ऑपरेशनच्या वेळी भुलीसोबत स्नायू शिथिल करायचं सक्सिनिलकोलीन हे इंजेक्शन दिलं की त्याचा असर उतरतच नाही लवकर, श्वासाला मशीन लावून ठेवावी लागते. तिकडचे भूलतज्ज्ञ म्हणूनच समाज विचारून घेतात. आपण मात्र डॉक्टरने जात विचारली की कपाळाला आठ्या घालतो, इथे त्याला वैद्यकीय कारण असू शकतं.

आणि बेने इस्राएलांच्या बाबतीत एक नेमका धोका आहे. ज्यू म्हटलं की जेनेटिक टेस्टिंगवाल्यांच्या डोळ्यांसमोर युरोपातले अश्केनाझी ज्यू येतात, कारण अभ्यास सगळा त्यांचा झालाय. स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बीआरसीए जीनमधले तीन ठरावीक बिघाड त्यांच्यात जास्त मिळतात, आणि घरी किट मागवून थुंकी पाठवायच्या काही टेस्ट बरीच वर्षं याच तीन बिघाडांपुरत्या बघत होत्या. अशा टेस्टमध्ये निगेटिव्ह आलं आणि बाई दिमोनाची पेणकर असेल, तर तिच्यासाठी तो निगेटिव्ह जवळजवळ बिनकामाचा, कारण तिचे अर्ध्याहून जास्त पूर्वज कदाचित चौल-पेणच्या पट्ट्यातले आणि उरलेले मध्यपूर्वेचे, पोलंड-रशियाचे नव्हेत. बीआरसीएमध्ये हजारो वेगवेगळे बिघाड माहीत आहेत. घरात आई-मावशी-आत्याला कॅन्सर झालेला असेल तर पूर्ण जीन वाचणारी टेस्ट जेनेटिक काउन्सेलरला विचारून करावी, आणि फॉर्मवर नुसतं "ज्यू" न लिहिता बेने इस्राएल, मूळ रायगड, असं पूर्ण लिहावं.